व्हिएन्नात रविवारी दुकानं बंद असतात, ते बरंच आहे

युरोपहून परतलेल्या आपल्या मंडळींची एक तक्रार आता तोंडपाठ झाली आहे. "कसलं मेलं शहर! रविवारी कपड्यांची दुकानं बंद, मॉल बंद, साधा किराणासुद्धा बंद. आम्ही युरो घेऊन फिरतोय आणि यांना धंदाच नकोय!" मागच्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर थेट व्हिएन्नाहून असा मेसेज आला. खाली लगेच 'आळशी लेकाचे', 'म्हणूनच युरोप मागे पडतोय', 'आपल्याकडे बघा, रात्री अकरालाही सगळं मिळतं' वगैरे सुरू झालं. तिथे उत्तर दिलं असतं तर रात्रभर फोन वाजत राहिला असता. म्हणून इथे लिहितेय. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

माझं मत आधीच सांगून टाकते. व्हिएन्नात रविवारी दुकानं बंद असतात हे उत्तम आहे, आणि पर्यटकांची गैरसोय होते म्हणून ती उघडायची काही गरज नाही. मला खरेदीचा कंटाळा आहे म्हणून हे म्हणतेय असं कुणी समजू नये. माझी कपाटं ज्यांनी पाहिली आहेत ते साक्ष देतील.

आधी कायदा काय आहे ते बघू. ऑस्ट्रियात दुकानं सोमवार ते शुक्रवार सकाळी ६ ते रात्री ९ आणि शनिवारी संध्याकाळी ६ पर्यंतच उघडी ठेवता येतात, तीसुद्धा आठवड्याला जास्तीत जास्त ७२ तास. रात्री ९ पर्यंत परवानगी असली तरी बहुतेक जण सात-आठलाच आवरतात. शनिवारी संध्याकाळी सहाला जे दार लागतं ते सोमवारी सकाळीच उघडतं. रेल्वे स्टेशनं, विमानतळ, पेट्रोल पंप, म्युझियममधली दुकानं, बेकऱ्या यांना सूट आहे. कॉफीहाउसं आणि हॉटेलं तर चालूच असतात, त्यामुळे उपाशी कुणी राहत नाही. ऑस्ट्रियाच्या इतर प्रांतांत पर्यटनाच्या गावांना रविवारी दुकानं उघडायची सवलत मिळते, व्हिएन्नानं ती आजवर दिलेली नाही. व्यापाऱ्यांकडून कित्येक वर्षं मागणी होते आहे, आणि कामगार संघटना आणि चर्च दोघंही 'नाही' म्हणतात. लाल झेंडा आणि क्रॉस एका बाजूला, असा योग विरळा.

हे सगळं मला कळलं माझ्या भाचीमुळे. ती तिथे शिकते आणि आठवड्यातले काही तास मारियाहिल्फर स्ट्रासवर एका कपड्यांच्या दुकानात काम करते. मारियाहिल्फर स्ट्रास म्हणजे तिथला लक्ष्मी रोड म्हणा, पण चालायला जागा असलेला. २०१४ मध्ये आजूबाजूच्या रहिवाशांचा कौल घेतला, ५३ टक्के लोक हो म्हणाले आणि रस्त्याचा मोठा भाग गाड्यांपासून मोकळा झाला. दुकानदारांनी आधी पुष्कळ बोंब मारली होती. आता मधोमध बाकं आहेत, त्यांवर एक पैशाची खरेदी न करता तासभर बसता येतं. मी बसले.

तिथेच एका शनिवारी तिची वाट बघत होते. सहाला पाच मिनिटं कमी. दुकानातले दिवे अजून लागलेले, दारात एक मुलगी उभी, आतल्यांना बाहेर सोडत होती, बाहेरच्यांना आत घेत नव्हती. एक जोडपं धावत आलं. "दोनच मिनिटं, तो निळा कोट, आम्ही काल बघून ठेवलाय." मुलगी म्हणाली, "सोमवारी सकाळी या." "सोमवारी आम्ही इथे नसू." "मग पुढच्या वेळी." चेहऱ्यावर राग नाही, अजीजी नाही, 'सॉरी सर'ही नाही. ते जोडपं चिडून निघून गेलं. आपल्याकडे मालकानं त्या मुलीला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं, गिऱ्हाईक परत पाठवलं म्हणून. तिथे मॅनेजर आतून ओरडत होता तो तिलाच, "तू अजून निघाली नाहीस?" असं.

रात्री जेवताना भाचीनं सगळं समजावून सांगितलं. दुकानातल्या पूर्ण वेळच्या नोकरीचा आठवडा साडेअडतीस तासांचा. संध्याकाळी साडेसहानंतर थांबवलं तर वाढीव पैसे, शनिवारी दुपारी एकनंतर थांबवलं तरी वाढीव पैसे. वर्षाला पाच आठवडे हक्काची रजा. आणि पगार वर्षाला चौदा, बारा नव्हे: एक उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी, एक नाताळसाठी. "आणि मावशी, रविवारी मॅनेजरचा फोन येत नाही. कारण तोही घरीच असतो." हे शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. त्यावर पुढे येते.

त्याआधी खरेदीचं बोलू, नाहीतर म्हणाल भाषण ठोकतेय.

माझ्या मते व्हिएन्नातली सगळ्यात मजेची खरेदी ही सुपरमार्केटमधली. बिला, स्पार, होफर, कुठेही जा. (होफर म्हणजे आल्डीच, ऑस्ट्रियात त्याचं नाव वेगळं.) प्रत्येक वस्तूखाली किमतीसोबत किलोचा किंवा लिटरचा भाव बारीक अक्षरात लिहिलेला असतो, त्यामुळे 'मोठं पाकीट स्वस्त' ही थाप चालत नाही. आपल्यासारख्या हिशेबी माणसाला हे वाचत फिरणं म्हणजे पर्वणी. त्यात युरोचा भाव शंभराच्या आसपास गेल्यामुळे तोंडी गुणाकारही सोपा झालाय, फक्त उत्तर ऐकून छातीत धस्स होतं. पाण्याच्या बाटल्या मात्र घेऊ नका. व्हिएन्नाच्या नळाला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं, १८७३ पासून. विकत घेतलेल्या प्लास्टिकच्या बाटलीवर आणि डब्यावर २०२५ पासून २५ सेंट अनामत लागते, ती रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की परत मिळते. आपली मंडळी बाटली हॉटेलच्या कचऱ्यात टाकून मोकळी होतात. चौघांचं कुटुंब दिवसाला आठ बाटल्या पीत असेल तर करा हिशेब.

गल्ल्यावरची बाई बसलेली असते. खुर्चीवर, पाठ टेकून. सामान इतक्या झपाट्यानं पुढे सरकवते की आपण पिशवी उघडेपर्यंत ढीग लागतो. पिशवी आपण आणायची, आपणच भरायची, 'भैया जरा भरून द्या' हा प्रकार नाही. आणि आत शिरताना, गल्ल्यावर आल्यावर 'ग्र्यूस गॉट' (तिथला रामराम) म्हणायचं. हे तोंडातून निघालं नाही तर छोट्या दुकानात तुम्हाला सरळ सरळ थंड वागणूक मिळते. मग आपले लोक परत येऊन सांगतात, फार उद्धट आहेत बुवा. अहो, तुम्ही त्यांच्या घरात शिरल्यासारखे शिरलात, रामराम न करता, आणि कपड्यांचा गठ्ठा उचकटायला लागलात. उद्धट कोण?

म्हणजे गिऱ्हाइकं तिथे गरीब गाय असतात असं मुळीच नाही. गल्ल्यावर रांग वाढली की मागून कुणीतरी खणखणीत आवाजात ओरडतं, "त्स्वाइटे कासा, बिट्टे!" म्हणजे दुसरा गल्ला उघडा. लगेच आतून दुसरी बाई हात पुसत येते आणि बसते. कुणाचा अपमान होत नाही, कुणी व्हिडिओ काढत नाही. मला हा प्रकार इतका आवडला की एकदा मीही ओरडून पाहिलं. उच्चार गडबडला असणार, पण गल्ला उघडला.

शनिवारी संध्याकाळी पाचनंतर तर सुपरमार्केटात जत्रा असते. उद्या काही मिळणार नाही म्हणून सगळं शहर ब्रेड, दूध, अंडी उचलत असतं. ब्रुनेनमार्क्ट या भाजीबाजारात जाण्याचीही हीच वेळ. बहुतेक सहली नाश्मार्क्टला नेतात. तो बाजार बघायला सुंदर आहे, ऑलिव्ह आणि मसाल्यांच्या ढिगांचे फोटो छान येतात, विक्रेता चव बघायला काहीतरी हातावर ठेवतोच आणि मग घेतल्याशिवाय सुटका नाही. भाव पर्यटकांचे. शनिवारी सकाळी त्याच्या टोकाला केटनब्र्युकनगासे स्टेशनजवळ जुना बाजार भरतो, तिथे घासाघीस चालते. जुने चमचे, लष्करी बिल्ले, कुणाच्या तरी आजीचे लग्नाचे फोटो. ते फोटो बघून मला कसंतरीच झालं, पण काचेची एक बशी घेतली.

ब्रुनेनमार्क्ट मात्र रहिवाशांचा. ओटाक्रिंग भागात, एका लांब रस्त्यावर दोन्ही बाजूंनी टपऱ्या, बरेचसे विक्रेते तुर्की आणि बाल्कन देशांतून आलेले. शनिवारी बाजार उठायची वेळ झाली की भाव धडाधड कोसळतात. टोमॅटोची अख्खी पेटी एक-दोन युरोला, द्राक्षांची पाटी तशीच. ओरडाआरडा ऐकून डोळे मिटले तर मंडईत उभे आहोत असं वाटावं. हा सगळा सोहळा केवळ दुसऱ्या दिवशी बंद असल्यामुळे होतो, हे लक्षात घ्या. सातही दिवस बाजार चालला असता तर पेटी एक युरोला कोण देतंय?

भारतीय सामानाची अडचण नाही. १९७० च्या दशकापासून केरळच्या नर्स ऑस्ट्रियात मोठ्या संख्येनं गेल्या, त्यांच्या मागून कुटुंबं गेली, कढीपत्ता गेला. व्हिएन्नाच्या सातव्या जिल्ह्यात (आपल्या भाषेत वॉर्डात) 'प्रोसी' नावाचं केरळी कुटुंबाचं मोठं दुकान आहे, पोहे, हिंग, नारळ, जे म्हणाल ते. रविवारी तेही बंद.

आता आठवणीखातर आणायच्या वस्तू. इथे आपण सर्वांत जास्त फसतो, म्हणून जरा सविस्तर.

मोत्सार्टकूगेल, म्हणजे संगीतकार मोत्सार्टच्या चित्राचे सोनेरी कागदातले गोळे, विमानतळापासून चर्चच्या दारापर्यंत सगळीकडे. ही मिठाई व्हिएन्नाची नव्हे, साल्झबुर्गची. पाउल फ्युर्स्ट नावाच्या हलवायानं १८९० मध्ये ती केली. त्याच्या वंशजांचे हातानं केलेले गोळे निळ्या-चंदेरी कागदात येतात आणि त्यांच्या साल्झबुर्गमधल्या दुकानांत मिळतात. व्हिएन्नात मिळतात ते कारखान्यातले. चवीला वाईट नाहीत, पिस्त्याचं मार्झिपान आत असतं, पण 'व्हिएन्नाची खासियत' म्हणून सासूबाईंच्या हातावर ठेवू नका.

खरी व्हिएन्नाची वस्तू हवी तर मानरची वेफर. गुलाबी पुडी, त्यावर सेंट स्टीफन चर्चचं चित्र, आत हेझलनटचं सारण भरलेले दहा तुकडे. १८९८ पासून हीच वेफर. चर्चचं चित्र वापरतात म्हणून कंपनी तिथल्या दुरुस्तीवरच्या एका पाथरवटाचा पगार देते. चर्चसमोर त्यांचं गुलाबी दुकान आहे, ते जरूर बघा, पण पुड्या सुपरमार्केटातून घ्या. तीच पुडी, तिथे स्वस्त.

चित्रकार क्लिम्टचं 'चुंबन' हे चित्र तुम्हाला छत्री, मोजे, चष्म्याचं घर, उशी, कपबशी, कुत्र्याचा पट्टा अशा सगळ्यांवर दिसेल. क्लिम्ट १९१८ मध्ये गेला, त्यामुळे चित्राचे हक्क केव्हाच संपले, कुणीही छापावं. मूळ चित्र 'अप्पर बेल्वेडेर' महालात आहे. ते आधी बघा. बघून झाल्यावर तो सोनेरी रंग मोज्यांवर सहन होत नाही, पैसे आपोआप वाचतात. 'ऑस्ट्रियात कांगारू नाहीत' लिहिलेल्या टी-शर्टबद्दल मी काही बोलणार नाही. तो विनोद ज्यांना अजून आवडतो त्यांनी घ्यावा.

आणि एक गोष्ट जी फार थोड्या लोकांना माहीत असते. उलटा केला की आत बर्फ पडतो तो काचेचा गोळा व्हिएन्नातला आहे. एर्विन पेर्त्सी नावाचा माणूस शस्त्रक्रियेची अवजारं बनवायचा. ऑपरेशनच्या टेबलावर उजेड वाढावा म्हणून १९०० च्या सुमारास तो पाण्यानं भरलेल्या काचेच्या गोळ्याशी खटपट करत होता. पाण्यात काहीतरी चमकणारं हवं म्हणून त्यानं चक्क रवा टाकला. उजेड काही वाढला नाही, पण रवा भिजून सावकाश खाली बसताना हुबेहूब बर्फ पडल्यासारखा दिसला. आत मारियात्सेलच्या चर्चची छोटी प्रतिकृती बसवली आणि धंदा सुरू झाला. हेर्नाल्स भागात त्याच कुटुंबाचा कारखाना आजही आहे, शेजारी छोटं संग्रहालय. आता आत रवा नसतो, काय असतं ते सांगत नाहीत. शहराच्या मध्यभागी मिळणारे बहुतेक गोळे प्लास्टिकचे, बाहेरून आलेले. मी ट्राम पकडून हेर्नाल्सला गेले, रांगही नव्हती.

कर परत मिळण्याचं थोडक्यात. एकाच बिलावर ७५ युरोंच्या वर खरेदी झाली तर दुकानातून फॉर्म मागून घ्या, पासपोर्ट सोबत ठेवा, विमानतळावर बॅग आत देण्याआधी कस्टमचा शिक्का घ्या. कर २० टक्के असला तरी तो किमतीच्या आतच असतो, मध्यस्थ आपला वाटा कापतो, आणि हातात साधारण दहा-बारा टक्के येतात. त्यासाठी विमानतळावर किती आधी जायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. खाण्यापिण्याच्या किरकोळ बिलांसाठी जीव काढू नका.

आता भाचीच्या त्या वाक्याकडे येते. रविवारी मॅनेजरही घरी असतो.

आपल्याकडे २०१७ साली महाराष्ट्रात नवा दुकाने व आस्थापना कायदा आला. दुकानं वर्षाचे ३६५ दिवस उघडी ठेवता येतात, प्रत्येक कामगाराला आठवड्यातून एक दिवस सुट्टी दिली म्हणजे झालं. मोजकीच माणसं असलेल्या छोट्या दुकानांना तर त्यातल्या बहुतेक तरतुदी लागूच नाहीत, आणि आपली बहुतेक दुकानं त्याच मापाची. कागदावर सुट्टी आहे. पण मॉलमधल्या मुलीची सुट्टी मंगळवारी, तिच्या नवऱ्याची गुरुवारी, मुलांची रविवारी. अशा घरात सगळे मिळून जेवायला कधी बसतात? लग्नाकार्याला, आजारी आत्याला भेटायला, निदान भांडायला तरी एकत्र कधी येतात? पाळीपाळीनं मिळणारी सुट्टी अंगाला विश्रांती देते, घराला नाही.

आणि रविवारच्या सुट्टीचं आपल्याला कौतुक नसावं हे तर फारच. मुंबईत १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना काढणाऱ्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षं झगडून १८९० मध्ये कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्यांच्या मागणीत होतं. सत्यशोधक माणूस, 'दीनबंधु'चा संपादक, आणि त्यानं कामगाराच्या देवाचा वार धरून सुट्टी मागितली. व्हिएन्नातल्या संघटना आणि चर्चचं जे चाललं आहे ते आपल्या भायखळ्या-परळला नवं नाही. आपण ते विसरलो आणि 'रात्री अकरालाही मिळतं' याची शेखी मिरवायला लागलो. रात्री अकराला जो देतो तो घरी किती वाजता पोचतो, शेवटची लोकल गाठतो की नाही, हे विचारायची आपल्याला सवयच राहिली नाही.

सुपरमार्केटातल्या गल्ल्यावरच्या त्या खुर्चीचंही तेच. कोळिकोडमधल्या साड्यांच्या दुकानांतल्या बायकांना दहा-दहा तास बसायला मिळत नसे, भिंतीला टेकलं तरी दंड. 'पेणकूट्टु' या बायकांच्या संघटनेनं हा विषय लावून धरला आणि २०१८ मध्ये केरळनं बसण्याचा हक्क कायद्यात घातला. तामिळनाडूनं २०२१ मध्ये घातला. पुढच्या वेळी पैठणी बघायला जाल तेव्हा गादीवर तुमच्यासमोर घड्या उलगडणाऱ्याकडे नको, मागे उभ्या असलेल्या मदतनीस मुलींच्या पायांकडे बघा.

व्हिएन्ना स्वर्ग आहे असं मी म्हणत नाही. रविवारी ट्राम कुणीतरी चालवतंच, कॉफीहाउसात ट्रे घेऊन कुणीतरी धावतंच, स्टेशनावरच्या सुपरमार्केटात त्या दिवशी बाहेरपर्यंत रांग असते आणि तिथल्या गल्ल्यावर बहुतेक वेळा दुसऱ्या देशातून आलेली बाई बसलेली असते. ऑनलाइन खरेदीला रविवार नसतो, आणि दुकानदार म्हणतात की आमचं गिऱ्हाईक तिकडे पळतं, त्यात तथ्य आहे. पण कायद्यातली एक बारीक गोष्ट भाचीनं सांगितली ती मला विसरता येत नाही. ८ डिसेंबर ही तिथली धार्मिक सुट्टी. नाताळची खरेदी ऐन भरात असते म्हणून त्या दिवशी दुकानं सकाळी १० ते संध्याकाळी ६ उघडायला परवानगी आहे. मात्र कामाला यायचं की नाही हे कामगार ठरवतो. नाही म्हणायला कारण द्यावं लागत नाही. भाची एका वर्षी गेली, कारण पैसे जास्त मिळतात. तिची मैत्रीण गेली नाही. मॅनेजरनं दोघींना काही विचारलं नाही.

तेव्हा ग्रुपवरच्या काकांना आणि इतर सर्वांना. तुमच्या सहलीच्या कागदावर 'व्हिएन्ना: खरेदीसाठी मोकळा वेळ' असं लिहिलं असेल तर कॅलेंडर काढा आणि वार बघा. रविवार निघाला तर पैसे भरण्याआधी टूरवाल्याला विचारा, कारण त्या शहरात वर्षानुवर्षं माणसं नेणाऱ्याला हे ठाऊक नसेल असं होत नाही. त्याला तुम्हाला शनिवारी तिथे पोचवता आलं असतं, हॉटेल महाग पडत होतं म्हणून पोचवलं नाही. भांडायचंच असेल तर त्याच्याशी भांडा, मीही तुमच्या बाजूनं दोन फोन करीन.